पिकअपमध्ये कोणते इंजिन बसवावे याबद्दल माझी शेवटची इच्छा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकोणतीस पूर्ण, अविवाहित, नोकरी मापन प्रयोगशाळेत, म्हणजे इतरांची मोजायची साधने बरोबर मोजतात की नाही हे तपासण्याची, माझे हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. अशा कागदात 'अक्कलहुशारीने' असा शब्द घालायची रीत आहे. अक्कल जागेवर आहे. हुशारीबद्दल कलम सात वाचून ज्याने त्याने ठरवावे.

सर्वांची पूर्ण नावे, पत्ते आणि ओळखपत्रांचे क्रमांक सोबतच्या पानावर दिले आहेत. पुढे मात्र घरात ज्याला जी हाक आहे तीच वापरली आहे.

कारण असे की, येत्या गुरुवारी माझ्या उजव्या कानामागून कवटी उघडून आतली गाठ काढणार आहेत. "गाठ साधी आहे, जागा वाईट आहे," असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी सतरा मिलिमीटर सांगितली. फिल्मवर पट्टी ठेवून मी मोजली तेव्हा अठरा भरली. यापुढे उजव्या कानाने कधीही ऐकू येणार नाही, हे नक्की. बाकीचे बिघडण्याची शक्यता शंभरात एक. आमच्या प्रयोगशाळेत शंभरात एकदा चुकणारे साधन आम्ही शिक्का न मारता परत पाठवतो. म्हणून हा कागद.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. बाबांनीही केले नव्हते. त्यातून काय झाले ते कलम आठमध्ये आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आईने करावी. तिला कायदा कळत नाही, पण तिच्यापुढे घरात कोणाचे काही चालत नाही, आणि कायद्याला तरी दुसरे काय हवे असते. हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आधी धड होऊन ये, मग मला कामं सांग." ही तिची संमती समजावी.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि विमा आईचा. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. वरची खोली. घर आईचे आहे, खोलीतल्या वस्तू माझ्या. टेबल, दिवा, कपाट आणि पुस्तके दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. कपाटाचा खालचा कप्पा सोडून. त्याचे कलम आठमध्ये. या खोलीत उत्तरेचा उजेड येतो. दिवसभर सावली जागची हलत नाही, बारीक कामाला याहून चांगली जागा घरात नाही. तीन वर्षांपूर्वी वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, ती शिलाईसाठी विचारली होती. मी म्हटले, मला मोजमापाला लागते. त्यानंतर सहा महिने मी तिथे काहीही मोजले नाही. मी गेल्यावर दादा ही खोली कोणाला देईल हे मला ठाऊक आहे. त्याने खुशाल द्यावी. देणारी मी नसावे, एवढेच.

कलम ४. माझे दोन मायक्रोमीटर, डायल गेज आणि टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरावर 'टक्' करून थांबणारा) दादाला. दादाने टॉर्क पाना हातोडी म्हणून वापरू नये. हे लिहावे लागते, कारण त्याने एकदा वापरला आहे.

फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, आईला. तो मला बाबांनी मी अकरा वर्षांची असताना दिला. आई त्यातले एक पाते स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालणार, हे मी गृहीत धरले आहे. पाऊण मिलिमीटरचे घालावे. मी मोजून ठेवले आहे.

कलम ५. गॅरेजमधला माझा अर्धा हिस्सा आणि पिकअपमधला अर्धा हिस्सा दादाला. यात एक अट आहे, ती कलम सहामध्ये. अट समजण्यासाठी थोडे मागचे सांगणे भाग आहे.

गॅरेज बाबांचे; आईने तिचा वाटा आम्हा दोघांना सोडला. घराला लागून पत्र्याची शेड, मधोमध खड्डा, उजवीकडे बाक, आणि डाव्या भिंतीपलीकडे लेथवाले काका, ज्यांच्या यंत्राची कुरकुर दिवसभर आमच्याकडे ऐकू येते. पिकअप लहान, दोन माणसांची, माझ्याहून एका वर्षाने मोठी. बाबा तिला "थोरली" म्हणत.

मला ते "मोजपट्टी" म्हणत. फीलर गेज हातात आल्यापासून गॅरेजमधल्या प्रत्येक इंजिनाच्या झडपांची फट मी मोजली. माझे माप चुकले असे एकदाही झाले नाही. मला वाटे, बाबांच्या धंद्यातली हीच शेवटची पायरी. पण शेवटची पायरी वेगळी होती. काम संपले की ते इंजिन सुरू करत, दीड फूट लांबीच्या एका स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवत, लाकडी मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. आत काय चालले आहे ते त्यांना त्यातून कळे. ते मला त्यांनी शिकवले नाही. मी मागितलेही नाही. आज ना उद्या बोलावतील असे वाटत होते.

मग वहिनी आली. शिवणकाम करणारी, तिचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करणारे. लग्नाला महिनाही झाला नव्हता. ती चहाचे कप घ्यायला गॅरेजमध्ये आली, चालू इंजिनापाशी थबकली आणि म्हणाली, "बाबा, याचं काहीतरी दुखतंय."

बाबा हसले. "कुठं दुखतंय, डॉक्टरीणबाई?"

तिने बोट ठेवले. समोरून तिसरे सिलिंडर. बाबांनी झाकण उघडले. झडपेवरचा दांडा वाकलेला होता.

त्या दिवसापासून ती "कान" झाली. काम संपले की बाबा घराकडे तोंड करून ओरडत, "कान कुठाय? कानाला पाठवा!" ती हात पुसत येई, बाबा तिला स्क्रूड्रायव्हर देत, आणि दोघे आळीपाळीने डोळे मिटून उभे राहत, एखादे लहान मूल झोपेत काय पुटपुटते ते ऐकावे तसे. मी बाकापाशी गेज हातात घेऊन उभी असे. माझे माप तोवर घेऊन झालेले असे.

एकदा मी बाबांना विचारले, "मला का नाही ऐकायला बोलवत?"

ते म्हणाले, "तुझं माप चुकत नाही गं. मग तुला ऐकायची गरज काय?"

हे कौतुक आहे असे मी दोन वर्षे समजत होते.

बाबा गेल्या वर्षी गेले. गाड्यांची दुरुस्ती थांबली. पिकअपवर दादा माल पोचवू लागला. नोव्हेंबरमध्ये, भरलेल्या गाडीने चढ चढताना, तिचा एक कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, तुटला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. सगळे तेल रस्त्यावर. दादाला खरचटलेही नाही. तो चार किलोमीटर चालत घरी आला. आदल्या दिवशी गाडी वहिनीने नेली होती. तेव्हा घरात असे ठरले की वहिनीने तेल पाहिले नसणार. ठरले म्हणजे मी म्हटले, आणि कोणी आडवे आले नाही. वहिनीही नाही. तेव्हापासून तिने पिकअपच्या किल्लीला हात लावलेला नाही. खरे काय ते कलम सातमध्ये.

कलम ६. इंजिन. हे कलम लांब आहे. दादाने ते पूर्ण वाचावे. मधली पाने उलटू नयेत.

जुने इंजिन भंगार आहे, त्याचा विचार सोडावा. गॅरेजमध्ये सध्या बाकाच्या दोन बाजूंना, लाकडी ठोकळ्यांवर, ताडपत्रीखाली, दोन इंजिने आहेत.

उजवीकडचे माझे. अपघातात चेपलेल्या एका मोटारीतून काढलेले, पिकअपहून पंधरा वर्षांनी नवे, दोन हजार सीसी, संगणकाच्या पेटीवर चालणारे. ताकद जुन्याच्या दीडपट. ते पिकअपमध्ये सरळ बसत नाही, हे मला घेतानाच माहीत होते. किंबहुना म्हणूनच घेतले. गिअरबॉक्सची भोके जुळत नाहीत, म्हणून मी चौदा मिलिमीटर जाडीची जोडपट्टी आखली आणि लेथवाल्या काकांकडून करून घेतली. तळातली तेलाची परात पुढच्या बाजूला खोल आहे, ती पिकअपच्या आडव्या दांड्यावर आदळते. ती कापून मागे न्यायची. रेडिएटर मोठा लागणार, तारांचे सगळे जाळे नवे करावे लागणार. चार महिने मी सुट्टीचा प्रत्येक दिवस यात घातला. तीन वह्या भरल्या आहेत. दादा विचारायचा, "बसेल ना गं?" मी म्हणायचे, "माप जमलंय." तो म्हणायचा, "ते विचारलं नाही मी."

डावीकडचे वहिनीचे. पिकअपचे मूळ जे इंजिन, नेमके तेच. एका रोपवाटिकेच्या गाडीतले, जिने आयुष्यभर कुंड्या आणि माती वाहिली आणि मागून धडक बसून निकालात निघाली. ते चार जुन्या बोल्टांवर, त्याच गिअरबॉक्सला, एका दिवसात बसते. वहिनीने ते आणण्यासाठी तिचे दुसरे शिलाई मशीन विकले. का, ते कोणी विचारले नाही. आपल्या हातून गाडी गेली असे तिला वाटत होते, एवढे सगळ्यांना दिसत होते.

ते निवडले कसे, हे दादाने सांगितले. मी बरोबर गेले नव्हते. भंगारवाल्याने इंजिन जमिनीवरच टायरवर ठेवून डबड्यातल्या पेट्रोलवर चालू केले. वहिनी कापड मोजायची लाकडी पट्टी घेऊन गेली होती. पट्टीचे एक टोक इंजिनाला, दुसरे कानाला, आणि वीस मिनिटे ती उकिडवी बसून राहिली. भंगारवाल्याचे दोन चहा झाले. शेवटी तो म्हणाला, "बाई, इंजिन घेताय की स्थळ बघताय?"

वहिनी म्हणाली, "स्थळ बघताना एवढं ऐकलं असतं तर यांच्याशी केलं नसतं." आणि दादाकडे बघून हसली.

दादाने हे घरी येऊन तीनदा सांगितले. तिन्ही वेळा आई हसली. मी जोडपट्टीच्या कडा घासत होते.

आता मुद्दा. जानेवारीत, आई, दादा आणि वहिनी घरात नसताना, मी दोन्ही इंजिनांची दाबचाचणी घेतली. प्रत्येक सिलिंडर हवा किती घट्ट दाबून धरते याची ही चाचणी; चारही आकडे एकमेकांच्या जवळ असले तर इंजिन निरोगी. वहिनीचे: ११.८, ११.६, ११.९, ११.७. तीस वर्षे जुन्या बनावटीच्या इंजिनाचे इतके सारखे आकडे मी पाहिलेले नाहीत. माझे: १२.४, १२.३, १०.१, १२.२. तिसऱ्यात दोन चमचे तेल सोडून पुन्हा घेतले तर आकडा ११.९ वर गेला. म्हणजे झडपा ठीक, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. माझे इंजिन बसवण्याआधीच उघडावे लागणार.

हे पान मी वहीतून फाडले. फेकले नाही. फेकणे मला जमत नाही. ते पुस्तकांच्या मागे, लॉगच्या कोष्टकांच्या जुन्या पुस्तकात आहे.

तेव्हा माझी इच्छा आणि कलम पाचची अट अशी: पिकअपमध्ये डावीकडचे, वहिनीचे इंजिन बसवावे. दीडपट ताकद त्या गिअरबॉक्सला झेपणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ताकद गाडीला नको होती. ज्या इंजिनाबद्दल कानाला काही सांगता येणार नाही, सगळे वह्यांतूनच काढावे लागेल, असे इंजिन मला हवे होते.

बसवताना इंजिनाखालचे रबर नवे घ्यावेत. बोल्टांचे जोर तिसऱ्या वहीत शेवटच्या पानावर आहेत, ते त्याही इंजिनाला लागू आहेत. कागदपत्रांवर इंजिनाचा क्रमांक बदलून घ्यावा. दादा हे विसरेल, आईने आठवण करावी. माझे इंजिन मी जिथे शिकले त्या तंत्रनिकेतनाला द्यावे. तिसऱ्या सिलिंडरचे काय झाले आहे ते विद्यार्थ्यांनी शोधावे. कोणी सांगू नये. जोडपट्टी दादाला, दार वाऱ्याने आपटते तिथे अडणी म्हणून चालेल. कडा गुळगुळीत आहेत.

कलम ७. तेलाबद्दल. हे मालमत्तेचे कलम नाही. पण हे लिहिल्याशिवाय खालची सही खरी होणार नाही.

इंजिन फुटले त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी वहिनी बाजारातून पिकअप घेऊन आली. इंजिन चालूच ठेवून तिने मला बोलावले. "ताई, जरा इकडे या. आत कोणीतरी दार ठोठावतंय. हळू आहे, पण थांबत नाही."

बाबांचा स्क्रूड्रायव्हर तेव्हा घरात कोणाला सापडत नव्हता. तिने लाकडी पट्टी माझ्या हातात दिली. मी ती उजव्या कानाला लावली. मी नेहमी उजव्याच कानाला लावते, बाबा तसेच लावत. मला ठोका ऐकू आला. पुसट, आणि डावीकडून. डावीकडे लेथवाल्यांची भिंत.

मी म्हटले, "ते काकांच्या लेथचं आहे."

"नाही हो ताई. इंजिनातलंच आहे. खालून येतंय."

"सकाळी मी तेलाचा दाब घेतलाय. चांगला आहे."

तिने पट्टी परत घेतली. दादाने विचारले, "मग वापरू ना गाडी?" मी म्हटले, "वापर." गाडी आणखी तीन दिवस चालली.

तेलाचा दाब मी इंजिन थंड असताना घेतला होता. थंड तेल घट्ट असते, झिजलेल्या बेअरिंगमधूनही (ठोका त्याचाच होता) दाब दाखवते. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. गरम इंजिनावर पुन्हा घ्यायला हवा होता. मी घेतला नाही, कारण जो आकडा आला तो मला पाहिजे तसा होता.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या कपाळाच्या मधोमध एक लोखंडी काटा, वाजवल्यावर थरथरणारा, टेकवला. "कुठे ऐकू येतंय?" मी म्हटले, डावीकडे. मग तो उजव्या कानामागच्या हाडावर टेकवला. "आता?" डावीकडेच. ते म्हणाले, उजवा कान ऐकत नाही. हाडातून आवाज पलीकडे जातो आणि डावा ऐकतो, त्यामुळे आवाज डावीकडून आल्यासारखा वाटतो. बराच काळ असे असणार.

तिथून मी घरी न येता थेट लेथवाल्या काकांकडे गेले. नोव्हेंबरमधल्या त्या मंगळवारी काय काम चालू होते, असे विचारले.

"मंगळवारी? दाढ उपटली होती गं माझी. दोन दिवस शटर खाली. तुझ्या आईने पेज-बीज करून पाठवली, तू विसरलीस?"

मी विसरले नव्हते. डबा मीच दिला होता. त्यांच्या घरी.

तेव्हा नोंद अशी: वहिनीने तेल पाहिले होते; काठी पुसताना मी तिला पाहिले होते. तिने ठोका ऐकला आणि सांगितला. गाडी माझ्या शब्दावर चालत राहिली आणि फुटल्यावर दोष मी तिच्यावर टाकला. यात कान एकटा दोषी नाही. कानाने फक्त डावीकडे ऐकले. त्याला लेथचे नाव मी दिले. तो आवाज लेथचाच असावा असे मला वाटत होते. ती चुकावी, एकदा तरी, आणि ती चुकताना मी तिथे असावे, असे मला चार वर्षे वाटत होते.

दादा त्या दिवशी चढावर होता. उतारावर असता तर, हा हिशेब मी केला आहे. लिहीत नाही.

कलम ८. स्क्रूड्रायव्हर. दीड फूट, लाकडी मूठ, मुठीवर बाबांच्या कानाने झिजलेला खोलगट भाग, खोली दीड मिलिमीटर. तो माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, हिवाळ्याच्या पांघरुणाखाली आहे.

जाण्याआधी दोन महिने बाबांनी तो माझ्या देखत वहिनीला दिला. "कान, हा तुझ्याकडे ठेव. मोजपट्टीकडे तिची साधनं आहेत." कागद कुठलाच केला नाही. बाबा गेल्यावर घर आवरताना मी तो तिच्या शिलाईच्या खणातून उचलला. ती कित्येक आठवडे शोधत होती. मला दोनदा विचारले, "ताई, पाहिलात का हो कुठे?" दोन्ही वेळा मी नाही म्हटले. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही, आणि लाकडी पट्टी वापरू लागली. त्यावरून मला कधीकधी वाटते की तिला माहीत होते.

कपाट बंद करून मी तो अनेकदा उजव्या कानाला लावून पाहिला, टोक टेबलावर ठेवून, घड्याळावर ठेवून. काही ऐकू येत नसे. मला वाटे, तो माझ्याशी बोलतच नाही.

जी वस्तू माझी नाही ती मृत्युपत्राने देता येत नाही. ती फक्त परत करता येते. म्हणून हे दान नव्हे, परतावा आहे. स्क्रूड्रायव्हर वहिनीचा. अट एकच: तिने तो माझ्या देखत वापरू नये.

कलम ९. वरील आठ कलमे मी मेले तर लागू व्हायची आहेत. सकाळी ती वाचून काढताना लक्षात आले की कलम सात आणि आठ या यादीत बसत नाहीत. मी मेले तरच खरे ठरणारे बोलणे म्हणजे थंड इंजिनावर घेतलेला दाब. तेव्हा ही दोन कलमे आज, सहीच्या आधी, मी वहिनीला स्वतः वाचून दाखवली. काय झाले ते नोंदवते.

ती शिलाई मशीनपाशी होती. ऐकताना तिने पायाने मशीन चालू ठेवले, कापड नसताना. मी संपवले तेव्हा सुई थांबली.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी ती मला ताई म्हणते. "चार महिने मी रोज सकाळी उठून तेच आठवत होते. तेलाची काठी काढली. पुसली. परत घातली. तेल वरच्या खुणेला होतं. मग वाटायचं, हे त्या दिवशीचं नाही, दुसऱ्याच दिवशीचं आठवतंय मला. मला वाटायला लागलं माझंच डोकं फिरलंय."

मी म्हटले, "काठी तू पाहिली होतीस. त्याच दिवशी."

"ते आता मला तुम्ही सांगणार?"

मी स्क्रूड्रायव्हर मशीनवर ठेवला. तिने तो उचलला आणि मुठीवरचा खळगा अंगठ्याने चाचपला. मग म्हणाली, "आत्ता भांडत नाही. आजारी माणसाशी भांडले तर आई मलाच बोलतील. बरी होऊन ये. मग नीट भांडू."

ती माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलली. मला ते आवडले की नाही हे मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही.

मग ती उठून गॅरेजमध्ये गेली. मी मागे गेले, कारण तिने दार उघडे ठेवले होते. तिने दादाला हाक मारून डावीकडचे इंजिन डबड्यातल्या पेट्रोलवर चालू करायला लावले, टोक टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. अगदी बाबांसारखे. मी भिंतीपाशी उभी होते. हेवा वाटला. तो गाठीबरोबर निघेल असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही तसे लिहीत नाही.

मिनिटभराने तिने डोळे उघडले, मला ओढून इंजिनापाशी उभे केले आणि माझे डोके हाताने वळवले. "तो कान नको. हा." मूठ डाव्या कानाला लागली.

आवाज आला. लांबून नव्हे, भिंतीपलीकडून नव्हे. चारही सिलिंडरांच्या झडपा बंद होताना, एकामागून एक, आणि खाली तेलाची सरसर. मला आकडे आठवले, ११.८, ११.६, ११.९, ११.७, आणि ते तसेच्या तसे ऐकू येत होते.

"काय म्हणतंय?" दादाने विचारले.

वहिनीने माझ्याकडे पाहिले. मी सांगेन म्हणून थांबली. मी म्हटले, "दुखत नाहीये त्याला."

ती म्हणाली, "गुरुवारपर्यंत बोल्टांना हात लावायचा नाही. ही आल्यावर बसवू." दादा म्हणाला, "आणि नाही आली तर?" आई मागून कधी आली होती कोणाला कळले नाही. ती म्हणाली, "तुझं इंजिन आधी बंद कर."

यापेक्षा अधिक मला काही ठेवून जायचे नाही. हा कागद एकूण सहा पानांचा आहे. प्रत्येक पानावर माझी सही आहे.

साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हे ऐकून लेथवाले काका म्हणाले, "म्हणजे सही फुकटच की!" त्यांना चहा दिला आहे. चहा मृत्युपत्रात धरू नये.

खाडाखोडीची नोंद. कलम आठमधले शेवटचे वाक्य, "अट एकच" पासून "वापरू नये" पर्यंत, खोडले आहे. ते मीच, दोन्ही साक्षीदारांसमोर, सही करण्यापूर्वी खोडले. बाकी कागदात कुठेही खाडाखोड नाही.

लिहून ठेवणारी: (सही) मोजपट्टी

साक्षीदार पहिले: (सही) लेथवाले काका, शेजारचे

साक्षीदार दुसऱ्या: (सही) समोरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई

ठिकाण: गॅरेज, दोन इंजिनांच्या मधले बाक

सोमवार, ९ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटे